गड आणि नगर : रायगड–महाड परिसराच्या वर्णनपरंपरेची चिकित्सा

१

महाकाव्यात कोणकोणत्या गोष्टींची वर्णने असावीत याची जी यादी दंडीने 'काव्यादर्शा'त दिली आहे, तीत नगराचे नाव पहिले आहे. समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रसूर्यांचे उदय हे सर्व त्यानंतर येतात. अमरसिंहानेही आपल्या कोशाच्या दुसऱ्या कांडात भूमिवर्गानंतर लगेच पुरवर्ग घातला असून शैलवर्गाला त्याच्या पुढचे स्थान दिले आहे. म्हणजे भूमी, मग नगर, मग पर्वत असा हा क्रम आहे. जुन्या मराठीतही स्थलवर्णनाची परंपरा क्षीण नव्हती. महानुभावांची 'स्थानपोथी' चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने सांगताना दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे, वाट कोणीकडून याचा तपशील इतक्या नेमकेपणाने देते की पोथी हाती घेऊन माणसाने त्या गावात फिरावे. नारायण व्यास बहाळिये यांचे 'ऋद्धिपूरवर्णन' हे त्याच पंथातले काव्य तर एका गावालाच आपला विषय करते.

असे असता शिवछत्रपतींच्या राजधानीचे नगरवर्णन मराठीत कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे अवघड जाते. रायगडाविषयी लिहिले गेलेले साहित्य अल्प नाही. शिलालेख, बखर, परकीय वकिलाचा वृत्तान्त, गॅझेटिअर, स्थलदर्शनपर पुस्तके अशी त्याची चढती मालिका आहे. परंतु या साहित्यात वर्णिला गेला तो 'गड'. तेथे काही काळ एक नगर नांदत होते, त्या नगराला बाजार होता, त्याला पाणी लागत होते, त्याच्यासाठी खालून रोज माणसे चढत होती, ही गोष्ट या वर्णनांत कोठे एका शब्दाने सूचित होते, तर कोठे अजिबात लोपते. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'कडून या बाबतीत अपेक्षा करावी, तर ते काव्य अपूर्ण असून त्याचे कथानक रायगड राजधानी होण्याच्या आधीच थांबते. ज्याची समाधी रायगडापासून फार दूर नसलेल्या पोलादपुरी दाखविली जाते, त्या कवीकडून या नगरीचे वर्णन मराठी वाचकाला मिळाले नाही, हा वाङ्मयेतिहासातला एक योगायोगच म्हणावा लागेल.

प्रस्तुत विवेचनाचा हेतू रायगडाचा इतिहास सांगण्याचा नाही. त्या परिसराची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांची भाषा काय पाहते आणि काय गाळते, हे तपासण्याचा आहे. या तपासणीसाठी केवळ गडाचा माथा विचारात घेऊन भागणार नाही. भोरहून वरंध घाटाने खाली उतरणारी वाट, बिरवाडीवरून महाडकडे जाणारा रस्ता, महाडचे सावित्रीकाठचे बंदर, पायथ्याचे पाचाड आणि वरचा रायगड या सर्वांचा मिळून एक नागर व्यवहार होता, हे गृहीत धरूनच वर्णनांची कसोटी लावली पाहिजे.

२

तुलनेसाठी मध्ययुगीन इटलीतील नगरवर्णनांकडे पाहणे उपयुक्त ठरते. कारण तेथे नगरस्तुती हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच रूढ झाला होता. बोन्वेसिन दा ला रिवा या शिक्षकाने १२८८ मध्ये मिलान नगरीच्या थोरवीवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्याची स्तुती करण्याची रीत मोजणीची आहे. घरांची दारे, विहिरी, भट्ट्या, खाटीक, वैद्य, लेखक या सर्वांची तो संख्या देतो. पुढे जोव्हान्नी विल्लानी या इतिवृत्तकाराने चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या लोकसंख्येपासून तेथे वाचायला शिकणाऱ्या मुलांपर्यंतचे आकडे नोंदविले. या आकड्यांत अतिशयोक्ती असेल. परंतु नगर म्हणजे त्यात राहणारी व राबणारी माणसे, ही दृष्टी त्यांत निश्चित आहे.

सिएना नगरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. रायगडाप्रमाणेच ती डोंगरावरची नगरी. तेथील नगरसभागृहाच्या भिंतीवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८–३९ मध्ये सुशासनाचे फलित दाखविणारे जे भित्तिचित्र काढले, त्याचा एक भाग नगराचा व दुसरा भाग शिवाराचा आहे. दोहोंच्या मध्ये वेस आहे. वेशीतून शिकारीला निघालेले सरदार बाहेर पडतात, तर ओझी लादलेली जनावरे आणि डुक्कर हाकणारा शेतकरी आत येतात. आत चांभार आपल्या दुकानात बसला आहे, शिक्षक मुलांना शिकवीत आहे, गवंडी परातीवर उभे राहून भिंत रचीत आहेत. नगराचे चित्र वेशीच्या बाहेर जाणाऱ्या रस्त्यावाचून पुरे होत नाही, हे त्या चित्रकाराने ओळखले होते.

या तुलनेला मर्यादा आहेत. सिएना व फ्लॉरेन्स ही स्वायत्त नगरराज्ये होती. तेथील वर्णनकार हा त्या नगराचा नागरिक होता आणि नगराचा अभिमान हा त्याचा स्वतःचा अभिमान होता. रायगड हे राजाने निर्माण केलेले राजपीठ होय. तेथील माणसे राजसेवेच्या निमित्ताने तेथे राहत असत. तेव्हा बोन्वेसिनसारखा लेखक महाडात वा रायगडावर का झाला नाही, असा प्रश्न विचारणे अन्यायाचे होईल. परंतु जी वर्णने झाली त्यांत रस्ता, पाणी आणि माणसे यांना कोणते स्थान मिळाले, हे विचारणे मात्र न्याय्य आहे.

३

रायगडाचे सर्वांत जुने वर्णन त्या गडावरच कोरलेले आहे. जगदीश्वराच्या देवालयावरील संस्कृत शिलालेख शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षाचा, इ. स. १६७४ चा आहे. त्याचा कर्ता म्हणून हिरोजी इंदुलकर या स्थापत्यकाराचे नाव येते. लेखातील वर्णन थोडक्यात असे : वापी, कूप, तडाग, रम्य वन, वीथी, स्तंभ, गजशाळा आणि आकाशाला भिडणारी राजगृहे यांनी युक्त असा हा रायगिरी वाणीच्या आवाक्यापलीकडचा आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ही यादी गडाची नाही, नगराची आहे. तट, बुरूज, दरवाजे, तोफा यांचा तीत मागमूस नाही. संस्कृत काव्यपरंपरेतील नगरवर्णनाचे ठरीव घटक येथे एकत्र आले असून त्यांत पाण्याला अग्रमान आहे. दुसरी गोष्ट अशी की, ज्याचे वर्णन करावयाचे ते वाणीचा विषयच नव्हे असे म्हणून लेख थांबतो. काव्यसंकेत म्हणून हे ठीकच आहे. पण पुढील तीन शतकांच्या वर्णनपरंपरेचे भाकीतही त्यात नकळत झाले आहे.

याच देवालयाच्या पायरीवर हिरोजीने मराठीतही आपले नाव कोरले आहे आणि आपण सेवेस तत्पर असल्याचे म्हटले आहे. भिंतीवर संस्कृत, पायरीवर मराठी ही भाषांची वाटणी अभ्यासकाने दुर्लक्षू नये. देवाची व राजाची कीर्ती चिरंतन व्हावी म्हणून संस्कृत, आणि चढणाऱ्या माणसाच्या पायाखाली आपली चाकरी नम्रपणे ठेवावी म्हणून मराठी. नगराचे वर्णन पहिल्या भाषेत झाले. नगर बांधणाऱ्याचे निवेदन दुसरीत.

त्याच वर्षी याच ठिकाणाचे दुसरे वर्णन लिहिले गेले. इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा मुंबईहून व्यापारविषयक सवलतींच्या बोलण्यासाठी निघून १६७४ च्या मे महिन्यात पाचाडला पोहोचला आणि ६ जूनच्या राज्याभिषेकाचा साक्षी झाला. त्याचा वृत्तान्त पुढे डॉ. फ्रायरच्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथाद्वारे वाचकांना परिचित झाला. ऑक्झिंडेन शिखरावरील इमारतींची संख्या सुमारे तीनशे सांगतो, माथ्याची लांबीरुंदी देतो आणि तेथे मनोहर वृक्ष नाहीत व धान्यही पिकत नाही असे नमूद करतो. एकाच वर्षी एकाच माथ्यावर शिलालेखाला रम्य वन दिसते आणि वकिलाला एकही सुंदर झाड दिसत नाही.

या विरोधाचा निकाल 'कवी खोटा, वकील खरा' असा लावणे घाईचे होईल. शिलालेखाची यादी नगराने कसे असावे याची आहे. ऑक्झिंडेनची यादी परकीयाला काय उपयोगाचे याची. संस्कृत लेखातील 'वन' हा शब्द नगरवर्णनाच्या व्याकरणातला एक अनिवार्य घटक आहे. तो नसता तर वाक्य अपुरे वाटले असते. उलट, वकिलाची दृष्टी किल्ल्याची ताकद मोजण्यात गुंतलेली आहे. धान्य पिकत नाही हे त्याला दिसते, कारण वेढा पडल्यास धान्य कोठून येणार हा प्रश्न त्याच्या मनात जागा असतो. म्हणून दोन्ही वर्णनांना साक्ष मानावयाचे, तर दोघांच्या प्रयोजनाची वजाबाकी करूनच मानले पाहिजे.

ऑक्झिंडेनच्या वृत्तान्तातील राज्याभिषेकाचे प्रसंग वारंवार उद्धृत केले जातात. सिंहासनाच्या बाजूची सुवर्णांकित चिन्हे, दारापुढचे दोन लहान हत्ती आणि ते इतक्या बिकट वाटेने वर आणले कसे याविषयीचे त्याचे आश्चर्य, हे सर्व सर्वांना पाठ आहे. परंतु नगराच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाचा प्रसंग निराळा आहे आणि तो इतिहासग्रंथांत बहुधा एक गंमत म्हणूनच येतो. गडावर खिचडी, डाळभात व तूप असा आहार असल्याने इंग्रजांसाठी मांस पुरविण्याची वेगळी सोय करावी लागली. ते पुरविणारा वृद्ध खाटीक, आपला इतका माल खपविणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी मुद्दाम डोंगर चढून वर आला. कारण त्या थोड्या दिवसांत जेवढे मांस त्यांनी घेतले तेवढे त्याने आधीच्या कित्येक वर्षांत विकले नव्हते. या एका नोंदीवरून पुरवठादार खाली राहत होता, माल वर जात होता आणि विकणारा स्वतः क्वचितच वर येत होता, असे तिहेरी अनुमान निघते. नगर माथ्यावर होते, पण त्याचे पोट पायथ्याशी होते.

४

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजारामाच्या काळात लिहिली गेली. तीत रायगडाची जी प्रशंसा येते, तिचा आरंभ कड्यापासून होतो. कडा तासल्यासारखा, पावसाळ्यातही ज्यावर गवत उगवत नाही असा एकसंध खडक. दौलताबाद चांगला खरा, पण उंचीने थोडका, आणि रायगड त्याच्या दसपट. येथपर्यंत ही दुर्गस्तुती आहे. त्यानंतर वास्तूंची यादी सुरू होते. वाडे, माड्या, अठरा कारखान्यांचे वेगळाले महाल, राण्यांचे महाल, सरकारकुनांची घरे, बाजार, पंचहजाऱ्यांची घरे, गजशाळा, अश्वशाळा, उंटखाना, पालखीमहाल, कोठी अशी ही नामावळी चुनेगच्ची बांधकामाच्या उल्लेखाने संपते.

या यादीची घडण पाहण्यासारखी आहे. तीत क्रियापदे जवळजवळ नाहीत. 'बाजार' हा शब्द सरकारकुनांची घरे आणि पंचहजाऱ्यांची घरे यांच्या मध्ये येतो. त्याला विशेषण नाही, वाक्य नाही. येथे काय विकले जाई, कोण विकी, कोण घेई, याविषयी बखरकार मौन पाळतो. हे मौन अज्ञानाचे नाही. सभासद हा दरबारी माणूस होता व राज्याची मोजदाद करण्याची दफ्तरी पद्धत त्याच्या अंगवळणी पडली होती. त्याचे वर्णन म्हणजे नगरवर्णन नसून जमाबंदीची फर्द आहे, असे कोणी म्हणेल.

परंतु या ठिकाणी टीकाकाराने काळाचा हिशेब विसरू नये. रायगड १६८९ मध्येच मोगलांच्या हाती गेला होता. सभासद जिंजीत बसून लिहीत होता तेव्हा ज्या महालांची तो नावे घेत होता त्यांत आपले राज्य उरले नव्हते. गड पुन्हा मराठ्यांकडे येण्यास १७३३ साल उजाडावे लागले. मग या क्रियापदहीन यादीचा अर्थ पालटतो. ती फर्द खरी. पण हातची गेलेल्या वस्तूंची फर्द आहे. घर जळून गेलेला माणूस आत काय काय होते ते एकामागून एक सांगत जातो. त्यावेळी तो वाक्ये बनवीत नाही, नावे घेतो. सभासदाच्या शैलीला रुक्ष म्हणण्याची जी प्रथा आहे, तिचा या दृष्टीने पुनर्विचार व्हावयास हवा. त्याचा दोष एवढाच की, त्याने जे गमावले म्हणून मोजले ते दरबाराचे होते. बाजार एका शब्दात आटोपला आणि वाट त्याने सांगितलीच नाही.

५

याच काळातील कोशरचनेकडे पाहिले म्हणजे हा प्रकार एका लेखकाच्या मर्यादेपुरता नाही हे स्पष्ट होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी व्यवहारशब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. त्याचे दहा वर्ग आहेत : राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य. अमरकोशाचा आदर्श समोर असतानाही या दहांत पुरवर्ग नाही. दुर्ग एका वर्गात, भोवतालचा मुलूख दुसऱ्यात आणि विक्रीच्या वस्तू तिसऱ्यात अशी विभागणी झाली आहे. अमरकोशात जे 'पुर' या एका मथळ्याखाली नांदत होते, ते येथे तीन ठिकाणी वाटले गेले.

कोश राज्यकारभारासाठी होता. कारभाराच्या खात्यांनुसार त्याचे वर्ग पडणे स्वाभाविक होते. तेव्हा पुरवर्ग नाही म्हणून नगराची कल्पनाच नव्हती, असे अनुमान काढणे गैर होईल. परंतु कारभार ज्या खान्यांतून जगाकडे पाहतो, त्या खान्यांत नगर ही अखंड वस्तू म्हणून मावत नव्हती, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही हीच रचना दिसते. सावकार हे राज्याची शोभा आहेत, पेठा वसवाव्या, व्यापारी आणावे, असा अत्यंत डोळस उपदेश तेथे आहे. दुर्गांचे प्रकरण तर त्याहूनही विस्तृत आहे. पण ही दोन प्रकरणे भिन्न आहेत. दुर्ग आणि पेठ यांची गाठ रायगडावर प्रत्यक्ष पडली होती. ग्रंथात ती पडली नाही.

६

ग्रंथांनी जे गाळले ते लोकस्मृतीने आपल्या रीतीने जपले आहे. रायगडावरील जोत्यांच्या दोन समांतर रांगा, प्रत्येकीत बावीस गाळे आणि मध्ये रुंद रस्ता, ही वास्तू 'बाजारपेठ' म्हणून दाखविली जाते. जोती इतकी उंच का, याचे उत्तर 'घोड्यावरून न उतरता सौदा करता यावा म्हणून' असे दिले जाते. एका जोत्यावरील नागाच्या आकृतीवरून तेथे नागाप्पा शेट याचे दुकान होते, अशी कथाही रूढ आहे. या वास्तूचा मूळ उपयोग कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि घोडेस्वाराची कथा ही जोत्याची उंची पाहून मागाहून सुचलेली उपपत्ती असणे फार संभवनीय आहे. तथापि तिच्यात एक उणीव आहे ती अधिक विचारार्ह आहे. ती ग्राहकाची कथा आहे आणि तोही घोड्यावरचा ग्राहक. माल डोक्यावर घेऊन आलेला माणूस तीत नाही.

तो माणूस दुसऱ्या कथेत आहे, आणि ती स्त्री आहे. हिरकणी गवळण गडावर दूध घालण्यास आली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल असल्याने ती कडा उतरून गेली. ही कथा शाळकरी वाचनमालांपासून मातृप्रेमाची कथा म्हणून सांगितली जाते. तिचे ते मर्म नाकारण्याचे कारण नाही. तिच्या ऐतिहासिकतेचा निर्णयही येथे करावयाचा नाही. परंतु कथेची गृहीते पाहावी. गडाला दूध खालून येत होते. आणणारी रोज चढत व रोज उतरत होती. दरवाजाची वेळ तिच्यासाठी केली नव्हती, तिने आपली वेळ दरवाजाशी जुळवून घ्यावयाची होती. फ्रायरच्या ग्रंथातील खाटीक आणि लोककथेतील गवळण यांना एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे एक परकीय गद्य आणि एक देशी कथा परस्परांना न ओळखता एकच गोष्ट सांगतात : मांस आणि दूध दोन्ही पायथ्याहून वर जात होते. शिलालेख, बखर व कोश या तिहींनी जे सांगितले नाही, ते या दोन अनाहूत साक्षीदारांनी सांगितले.

वर्णन आणि स्थळ यांचा संबंध किती नाजूक असतो, याचे आणखी एक उदाहरण वरंध घाटाच्या पायथ्याशीच आहे. समर्थ रामदासांनी जेथे 'दासबोध' लिहविला असे मानले जाते ती शिवथरची घळ १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी निश्चित केली. समर्थांच्या काव्यात कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे वर्णन आहे आणि आज घळीपुढे उभे राहणारा वाचक त्या वर्णनाची प्रचीती घेतो. येथे वर्णन हे स्थळाकडे नेणारी वाट ठरते; पण त्याचबरोबर स्थळ निश्चित झाल्यावर वर्णन त्या स्थळाच्याच नजरेने वाचले जाऊ लागते. स्थानपोथीच्या दिशादर्शक गद्यात हा धोका कमी, भावकाव्यात अधिक. म्हणून काव्यातील वर्णन आणि भूगोल यांचा मेळ घालताना इतर कागदपत्रांचा आधार किती आहे, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे पाहणे इष्ट.

७

१८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वरच्या इमारतींना आग लागली व गड इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतरचे वर्णन हे अवशेषांचे वर्णन होय. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर चढणीच्या क्रमाने वास्तू सांगत जाते. दरवाजा, तलाव, मनोरे, वाडा, देवालय, समाधी अशी ही वर्णनाची रीत आजच्या प्रत्येक स्थलदर्शनपर पुस्तकाने उचललेली आहे. तिचा लाभ असा की, वाचकाला ठिकाण सापडते. हानी अशी की, वाट ही केवळ एका वास्तूकडून दुसरीकडे नेणारे साधन ठरते. १९९६ पासून रज्जुमार्ग झाल्यावर तर तेवढीही वाट वर्णनातून गळू लागली आहे.

या मालिकेतील अलीकडची संज्ञा २०२५ च्या जुलैमधली आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत रायगडासह बारा किल्ले 'मराठा लष्करी भूप्रदेश' अशा आशयाच्या नावाने समाविष्ट झाले. त्यांत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी हा एक आहे. ज्या जिंजीत बसून सभासदाने रायगडाचे महाल मोजले, ती जिंजी आणि तो रायगड एका यादीत आले, ही समाधानाची गोष्ट आहे. शिवाय 'भूप्रदेश' या कल्पनेने किल्ल्याला त्याच्या डोंगरांशी व घाटांशी जोडले, हे गॅझेटिअरच्या पुढचे पाऊलच होय. परंतु 'लष्करी' या विशेषणाने जुनीच निवड पक्की केली. राजगडासंबंधी वा सुवर्णदुर्गासंबंधी ते विशेषण किती चपखल आहे याचा विचार वेगळा; ज्याच्या शिलालेखात तटाबुरुजांचे नावही नाही, विहिरी व वीथी मात्र आहेत, त्या रायगडासंबंधी ते निश्चितच अपुरे आहे.

८

आता महाडकडे वळले पाहिजे. कारण गडाचे वर्णन ज्या नगराला पार्श्वभूमी म्हणून वापरते ते नगर गडाहून कितीतरी जुने आहे. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटपासून येथवर माल येई आणि घाटवाटांनी वर जाई. मराठीत 'घाट' हा शब्द नदीच्या पायऱ्यांनाही लागतो आणि डोंगरातल्या चढणीलाही. महाडसारख्या गावात या दोन्ही अर्थांची भेट होते. शहराजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. त्यात लेणे, चैत्यगृह आणि राहण्याच्या खोल्या यांच्याबरोबर पाण्याच्या पोढी आणि लेण्याकडे जाणारी वाट यांचाही दानांत समावेश आहे. खोलीसाठी प्राकृतात असलेल्या 'ओवरक' या शब्दातून आजची 'ओवरी' आली, हे भाषाभ्यासकांना परिचित आहे. शब्द टिकला. परंतु त्याहून अर्थपूर्ण गोष्ट ही की, या परिसरातील प्राचीन लेखाला वाट आणि पाणी या गोष्टी नोंदण्यायोग्य वाटल्या. इमारतीबरोबर तिच्याकडे जाण्याचा मार्ग आणि तेथे राहणाऱ्याचे पाणी यांचे दान केल्यावाचून दान पुरे होत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

वाट आणि पाणी या दोन कसोट्या लावल्या म्हणजे साऱ्या वर्णनपरंपरेतला सर्वांत मोठा अभाव समोर येतो. हिरोजीच्या शिलालेखाने वापी, कूप, तडाग आरंभी घातले. पण पाणी मोजणारे कोणतेही वर्णन ते पाणी कोणी भरावे हे सांगत नाही. नगरवर्णनातील तडाग हा नेहमी कमळांचा असतो. त्यावर घागर घेऊन उभ्या असलेल्या, आणि घागर घेऊन उभे राहण्यास ज्यांना मनाई आहे अशा, माणसांचा नसतो. महाडच्या चवदार तळ्याचे वर्णन कोणी प्राचीन पद्धतीने केले असते तर ते असेच सुंदर झाले असते.

ते वर्णन बदलले ते साहित्याने नव्हे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने तदनुसार १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी परिषदेच्या मंडपातून शहराच्या रस्त्याने चालत तळ्यावर गेले व त्यांनी पाणी घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, मनाईची रूढी अतिप्राचीन असल्याचे सिद्ध होत नाही असे ठरवून तो सत्याग्रहींच्या बाजूने निकालात काढला. न्यायालयात जो वाद झाला तो एका अर्थाने शब्दार्थाचाच होता : 'सार्वजनिक' या शब्दात 'सर्व' कोण? नगर या कल्पनेची याहून मूलगामी व्याख्या या परिसरात दुसऱ्या कोणी केलेली नाही. सिएनाच्या भित्तिचित्रात वेशीतून शेतकरी आत येताना दिसतो म्हणून ते चित्र नगराचे ठरते. महाडात माणसे रस्त्यावरून तळ्याकडे चालत गेली तेव्हा महाड त्या अर्थाने नगर झाले.

९

वरील चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष मर्यादित शब्दांतच मांडला पाहिजे. रायगड–महाड परिसराची वर्णने खोटी नाहीत. शिलालेख संकेताशी, बखर स्मृतीशी, वकील आपल्या कामाशी आणि गॅझेटिअर आपल्या क्रमाशी प्रामाणिक आहे. परंतु प्रत्येकाने वर्णनाचा केंद्रबिंदू माथ्यावर ठेवला. त्यामुळे एकाच नागर व्यवहाराची अंगे असलेली बंदर, पेठ, पायथा, घाट आणि गड ही स्थाने एकमेकांपासून तुटली : गड इतिहासाकडे गेला, महाड सामाजिक चळवळीच्या ग्रंथांकडे, लेणी पुरातत्त्वाकडे, घळ भक्तिसाहित्याकडे आणि वरंधचा घाट पर्यटनाच्या पुस्तकांकडे. विद्यापीठांतील विषयांची विभागणीही या तुटीला पोषकच ठरली आहे.

ही तूट केवळ ग्रंथगत नाही. घाटाचे वर्णन पावसाळी शोभेपुरते उरले की पावसाळ्यात तो दरडींमुळे बंद पडतो ही गोष्ट वर्णनाबाहेर राहते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये हे गाव दरडीखाली गेले तेव्हा या डोंगरांच्या पायथ्याशी माणसे राहतात, याची महाराष्ट्राला नव्याने ओळख पटली. ज्या वर्णनपरंपरेत पायथा कधी आलाच नाही, तिच्या वाचकाला पायथ्याचे गाव बातमीतच प्रथम भेटते, यात नवल नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांना येथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे. स्थानपोथीने गावाकडे पाहण्याची जी रीत मराठीला सातशे वर्षांपूर्वी दिली, ती घेऊन वरंधपासून रायगडापर्यंतच्या वाटेवरील स्थलनामे, खिंडींची नावे, पाणवठ्यांची नावे आणि त्या नावांशी निगडित बोलीतील शब्द एकत्र केले, तर नगराचे जे वर्णन शिलालेखाने वाणीपलीकडचे म्हणून सोडून दिले त्याचा काही भाग तरी वाणीच्या आवाक्यात येईल. ती वाट माथ्यापासून आरंभ करून चालणार नाही. ती खालून चढावी लागेल, जशी हिरकणी चढत होती.